खव्याच्या भट्टीतली हवा

माझ्या पुतण्याला पोलीस व्हायचं होतं. आमच्या भागात ही काही जगावेगळी इच्छा नाही. नांदूरघाटच्या रस्त्यावर उजाडताना जाऊन बघा, आसपासच्या गावांची पोरं रस्त्याच्या कडेनं पळताना दिसतील. कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी, कुणाच्या मुठीत बहिणीचा मोबाईल, वेळ लावलेला. आमचं पोरगं त्यांच्यातच होतं, आणि इतकी वर्षं होतं की त्याच्या मागून पळायला लागलेले काही जण वर्दी घालून गावात पेढे वाटून गेले. पेढ्यांचा खवा आमच्याच भट्टीतला. लेखीच्या सरावात तो कुणाला ऐकायचा नाही. घोडं अडायचं मैदानात. सोळाशे मीटरची शेवटची फेरी आली की त्याची छाती दाटायची, तोंड उघडं पडायचं आणि मागची पोरं एकेक करून पुढं निघून जायची. वयही सरत आलं होतं. येणारी भरती हुकली की पुढच्या भरतीला तो वयात बसणार नव्हता.

"दमच न्हाई पोरात," त्याचे वडील, म्हणजे माझे मोठे दीर, म्हणायचे.

दूध घालायला येणाऱ्या गवळ्याला सांगायचे, पाव्हण्याला सांगायचे, एकदा मतदार यादीच्या कामाला आलेल्या माणसालाही सांगून झालं. पोरगं तिथंच भट्टीत लाकडं सारत असायचं. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. मी शाळेत शिकवते. एखाद्या लेकराविषयी एकच वाक्य रोज बोललं गेलं की त्या लेकराचं काय होतं, हे मी वर्गात बघत आले आहे. एकदा न राहवून दिरांना तसं बोलले, तर म्हणाले, "मास्तरीणबाई, ते शाळंत. हितं दूध उतू चाललंय, तेवडं बघा." मी आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला. त्यांच्या तो लक्षातच आला नाही, शेवटी माझा मलाच सोडावा लागला.

माणूस वाईट नाही. हे मी त्यांची भावजय म्हणून नाही, त्यांच्याशी सगळ्यात जास्त भांडलेली बाई म्हणून सांगते. पोरगं पोलीस व्हावं हा ध्यास पोरापेक्षा त्यांनाच जास्त होता. या भट्टीपुढं उभं राहून आपला जन्म गेला, पोराचा जाऊ नये, एवढंच त्यांच्या डोक्यात असायचं. फक्त ते तोंडातून निघताना नेहमी उलटं निघायचं.

आमची भट्टी म्हणजे घराला लागून काढलेलं पत्र्याचं शेड. आत विटामातीच्या चुलवणावर मोठी कढई. सकाळी दुधाचे कॅन आले की दूध गाळून कढईत ओतायचं, खाली बाभळीची लाकडं, तुराट्या, पऱ्हाट्या, जे मिळेल ते सारायचं आणि दूध आटून गोळा होईपर्यंत लांब दांड्याच्या उलथण्यानं हलवत राहायचं. हलवायचं काम माझ्या मोठ्या जावेचं. तिला मी अक्का म्हणते. हात थांबला की दूध करपतं आणि धुराकडं पाठ करावी तर कढई दिसत नाही, त्यामुळं ती धुरातच उभी असते. पोरगं शेडला लागून असलेल्या खोलीत झोपायचं, सगळ्यांच्या आधी उठून जाळ घालायचं, दूध मापून घ्यायचं आणि मग पळायला जायचं. मांजरसुंब्याच्या ढाब्यांवर आणि बीडच्या हलवायांकडं आमचा खवा जातो. चांगला असतो. अक्काच्या हाताचा आहे म्हणून सांगत नाही, तिथं जाऊन विचारा.

केजला डॉक्टरकडं मीच त्याला घेऊन गेले होते. त्यांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली आणि विचारलं, "धुरात काम करतो का?" तोंडात मारायचा पंप लिहून दिला आणि धूर टाळायला सांगितला. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा दीर म्हणाले, "धूर काय आज आला का? म्या त्याच धुरात वाढलो. मला काय झालं?" एवढं बोलून त्यांना खोकला आला. खोकल्याचं खापर त्यांनी नेहमीप्रमाणं तंबाखूवर फोडलं.

त्याच सुमारास ती मुलगी आमच्या शाळेत आली. बीडची, इंजिनिअरिंग केलेली, बाप गॅरेजवाला मेकॅनिक. अंगात कॉटनचा साधा ड्रेस, डोक्यावरून ओढणी आणि पिशवीत पाने-पेचकस. तिच्या कॉलेजानं गावोगावी हवेचा धूर आणि धूळ मोजणारे डबे बसवायचं काम घेतलं होतं. डबा म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा पांढरा खोका. आत लहानसा पंखा, तो बाहेरची हवा ओढतो. आत उजेडाची एक तिरीप असते, तिच्या आड येणारे धुराचे कण मोजले जातात आणि आकडा मोबाईलच्या सिमवरून वर जातो. वर कॉम्प्युटर बसलेला असतो. तो सगळ्या डब्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघतो, वारं कुठून आलं, ऊन किती होतं हेही बघतो आणि कुठल्या गावाची हवा कशी आहे, उद्या कशी असेल, हे मोबाईलवर रंगात दाखवतो. हिरवा म्हणजे चांगली, मग पिवळा, नारिंगी, लाल आणि शेवटी जांभळा. "ते शिकतं, मॅडम," ती म्हणाली. "जितके दिवस बघेल तितकं त्याला तुमचं गाव कळत जाईल." मला हे आवडलं. बदली होऊन येणारे साहेब इतकेही कष्ट घेत नाहीत.

एक डबा शाळेच्या छतावर लागला, एक ग्रामपंचायतीवर, एक मांजरसुंब्याच्या चौकात ढाब्याशेजारी. तिच्याकडं अजून डबे होते. मी म्हणाले, धूरच मोजायचा आहे ना, चला, मी तुम्हाला जागा दाखवते.

माझा हेतू उघड होता. आमच्या घरात डॉक्टरचं ऐकलं जात नव्हतं, माझं तर कधीच नाही. यंत्राचं ऐकलं गेलं असतं. दीर मोबाईलवरचं पावसाचं भाकीत तोंडपाठ सांगतात.

त्यांना आधी धास्ती वाटली. "उद्या नोटीस आली मंजी? भट्टी बंद करा मनले मंजी?"

"काका, मला कुणाची भट्टी बंद करायची नाही," मुलगी म्हणाली. "आमच्या अब्बांच्या गॅरेजमध्ये पण लावलाय एक. तिथं काय कमी धूर आहे?"

हे त्यांना पटलं. मग जरा विचार करून ते म्हणाले, "लावा. यंत्रच सांगू द्या एकदाचं, धुरानं काय व्हत न्हाई मनून. डॉक्टरचं बी तोंड बंद व्हईल आन् ह्या पोराचं बी." पोरगं दारात उभं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्यालाही आता निकाल हवा होता, कुठलाही का असेना.

शेडच्या मधल्या खांबाला गाळणी, म्हणजे दूध गाळायची फडकी, वाळत घालायच्या खुंट्या आहेत. तिथंच वीज जवळ होती, म्हणून डबा त्या खांबावर बसला. अक्कानं आत जाऊन हळदीकुंकू आणलं. ती बोट पुढं नेत होती आणि ती मुलगी "मावशी, भोकांवर नको, बाजूला, बाजूला," असं म्हणत श्वास रोखून उभी होती. डब्याला कुंकू लागलं, सगळ्यांना चहा मिळाला आणि ती मुलगी शेवटच्या एसटीनं बीडला गेली.

नंतर आमचा डबा हिरवा दाखवायला लागला.

दुसऱ्या दिवशी हिरवा, तिसऱ्या दिवशी हिरवा, मधेच कधी फिकट पिवळा, की पुन्हा हिरवा. शाळेच्या छतावरचा डबा सकाळी घरोघरच्या चुली पेटल्या की नारिंगी व्हायचा आणि ज्या शेडमध्ये गेल्यावर माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं, तिथली हवा यंत्राच्या मते माथेरानची होती. माझा विश्वास बसेना. पण मी सकाळी शाळेत असते, भट्टी पेटलेली असताना तिथं नसते. संध्याकाळी जाऊन बघावं तर डबा खांबावर जागच्या जागी, स्वच्छ, पंखा घुरघुरतोय.

दीर मात्र फार मोठेपणानं वागले, हेच जास्त लागलं. चिडवलं नाही, जिंकल्याचं दाखवलं नाही. फक्त जेवताना म्हणाले, "बघा. यंत्राला काय कुणाचं नातंगोतं न्हाई."

पोरानं ते मनावर घेतलं. आधी त्याला वडिलांचं वाक्य खोटं वाटायला जागा होती. डॉक्टरचं ते एक वाक्य त्यानं खिशात ठेवल्यासारखं जपलं होतं. आता ती जागा राहिली नाही. पळायला जाणं एक दिवसाआड झालं, मग बंद झालं. मैदानी चाचणीचं हॉलतिकीट आलं, ते त्यानं काढून फडताळात ठेवलं आणि कुणाला सांगितलंही नाही. मला ते दिसलं म्हणून विचारलं तर म्हणाला, "कावून जायचं काकू? तिकडं जाऊन चार लोकांत पडण्यापरीस हितं लाकडं फोडल्याली बरी. दमच न्हाई माझ्यात."

ते वाक्य त्याच्या तोंडून ऐकताना मला रडू आलं. बापानं म्हटलं तेव्हा राग यायचा. तो स्वतःच म्हणाला तेव्हा रागवायलाही कुणी उरलं नाही. त्या पांढऱ्या डब्याचा मला इतका तिटकारा आला की शाळेच्या छताकडं बघणंही मी सोडलं. आणला मीच होता ना.

मग एके दिवशी त्या मुलीचा फोन आला. "मॅडम, तुमच्या भट्टीतला डबा बिघडलाय असं कॉम्प्युटर म्हणतंय."

मी म्हणाले, इतक्या दिवसांनी कसं काय सुचलं त्याला?

तिनं सांगितलं ते असं. सुरुवातीला यंत्रानं आमच्या डब्यावर विश्वास ठेवला. पण जसजसे दिवस गेले तसतसं त्याला गाव कळत गेलं. सकाळी ग्रामपंचायतीवरच्या डब्याचा आकडा चढतो, मग शाळेवरचा चढतो आणि वारं बघितलं तर धूर येतोय आमच्या घराच्या अंगानं. जिथून धूर येतोय तिथला डबा मात्र त्याच वेळी खाली उतरतो. आणि दुसरं म्हणजे, त्याच वेळी त्या डब्याला दमट लागायला लागतं. पाऊस नाही, दव नाही, जाळाशेजारी उलट कोरडं व्हायला पाहिजे. "हे रोज होतं, मॅडम. म्हणून त्यानं शेरा मारलाय, हा डबा खरं बोलत नाही."

मी फोन कानाला धरून तशीच पायरीवर बसले. कित्येक दिवसांनी बरं वाटलं.

रविवार होता. ती आदल्या दिवशीच येऊन भट्टीपासून लांब असलेल्या माझ्या घरी राहिली. उजाडताना आम्ही दोघी भट्टीवर गेलो. जाळ नुकताच धरला होता. पोरगं चुलवणापुढं उकिडवं बसून तुराट्या मोडून घालत होतं, दीर बाहेर गवळ्यांकडून कॅन उतरवून घेत होते. अक्कानं दूध गाळलं, गाळणं बादलीत खळबळून घट्ट पिळलं आणि खांबापाशी जाऊन ते ओलं फडकं डब्यावर पांघरलं. चारी बाजूंनी नीट खोचलं. लेकराला टोपरं घालावं तसं. मग पदर कमरेला बांधून ती उलथणं घेऊन धुरात उभी राहिली.

खांबावर गाळणी रोजच वाळत असतात. बापाला, पोराला, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही तिथं एक फडकं लटकतंय यात काही वेगळं दिसलं नव्हतं.

"अक्का," मी म्हणाले, "हे काय केलंत?"

"काय केलं?"

"डब्यावर फडकं कावून घातलं?"

तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "मंग काय काळं करून द्यायचं का माघारी? लोकाची वस्तू हाय. म्हागाची आसंल. रोज झाकती, सांच्याला काढून पुसून ठिवती." मग त्या मुलीकडं बघून थोडी लाजून म्हणाली, "आन् धुरात लई घुरघुरतं गं ते. धाप लागल्यागत. बघवत न्हाई."

माझ्या या जावेला मी तीस वर्षं ओळखते. कुणाकडून परात मागून आणली तर ती आधी होती त्यापेक्षा लख्ख करून परत जाते, आणि रिकामी कधी जात नाही. शेजारणीची छत्री घरात राहिली तर ती वाळवून, घडी करून, दोरीनं बांधून पोचती होते. परक्या वस्तूला आपल्या घरात ओरखडाही लागू नये, हा तिचा धर्मच आहे. हे मला माहीत होतं आणि तरी मला ते सुचलं नव्हतं. हसावं की कपाळाला हात लावावा ते कळेना.

ती मुलगी हसली नाही. "मावशी," ती हळूच म्हणाली, "त्याचं कामच आहे धूर खायचं."

"आसं कसं?" अक्का म्हणाली. "धूर खायचं कुणाचं काम आसतं का?"

ती हे उलथणं फिरवत फिरवत बोलत होती आणि धूर तिच्या तोंडावरून जात होता. पोराचा हात तुराट्यांवर थांबला होता.

मुलीनं फडकं काढलं आणि डबा सगळीकडून नीट पुसून कोरडा केला. मी फोन उघडून धरला. जरा वेळ काहीच झालं नाही. मग हिरवा गेला, पिवळा आला, पाठोपाठ नारिंगी आणि लाल. लालवर थांबेल असं वाटलं. थांबला नाही, जांभळा झाला आणि तिथंच राहिला. त्यापुढं रंगच नव्हता.

दीर कॅन घेऊन आत आले. सगळे फोनकडं का बघताहेत ते त्यांना कळेना. मी सांगितलं. "बिघडलंय ते," ते म्हणाले. मुलीनं वाद घातला नाही. पिशवीतून दुसरा, कोरा डबा काढला आणि पहिल्याच्या शेजारी धरला. तोही जांभळा. मग तिनं तो शेजारच्या खोलीत नेला, पोराच्या अंथरुणावर ठेवला. आम्ही शेडमधून फोनवर बघत होतो. तिथंही जांभळा.

दिरांनी माझ्या हातातून फोन घेतला. आजवर त्यांनी माझी कुठलीच वस्तू अशी न मागता घेतली नव्हती.

"ही झोपायच्या खोलीतली हवा?"

"होय, दादा."

"दार लावून झोपतो त्यो," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे.

पोरगं उठून बाहेर गेलं आणि हौदाच्या कडेला जाऊन बसलं. मला वाटलं रडतंय, म्हणून मी मागोमाग गेले. रडत नव्हता. नुसता समोर बघत होता. "काकू," तो म्हणाला, "मंजी माझंच काय कमी व्हतं आसं न्हाई ना?" मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मागून शेडमधून धाडधाड आवाज यायला लागला. दीर पहार घेऊन मागच्या बाजूचे पत्रे उचकटत होते. कढईत दूध अर्धवट आटलेलं, अक्का "आवं, खवा खराब व्हईल, कचरा पडतोय," म्हणून ओरडतेय आणि हा माणूस एकेक पत्रा काढून बाहेर फेकतोय. चुकलो म्हणायची त्यांच्या जिभेला सवय नाही. त्यांना हातांनीच काय ते म्हणता येतं.

त्या आठवड्यात धुराडं उंच झालं, छपराच्याही वर गेलं. शेडच्या दोन बाजू मोकळ्या झाल्या. पोराचं अंथरूण माझ्या घरी आलं. पहाटेचा जाळ दीर स्वतः घालायला लागले आणि पोराला भट्टीकडं फिरकू देईनात. अक्काला मी म्हणाले, दूध आटवायला यंत्र मिळतं, मोटार लावून आपोआप हलवतं. ती म्हणाली, बघू. अजून बघतेच आहे. तोंडाला ओला पदर बांधते, एवढं मात्र करायला लागली, आणि तेही मी समोर असले की जरा जास्त घट्ट बांधते. आमचा डबा त्यानंतर कधी हिरवा झाला नाही. सकाळी नारिंगी, कधी लाल. पण जांभळा गेला, आणि बीडहून शेरा आला की हा डबा आता खरं बोलतो.

फडताळातलं हॉलतिकीट बाहेर निघालं. पोरगं पुन्हा रस्त्याला लागलं. दिवस थोडे होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की इतक्या वर्षांची छाती थोड्या दिवसांत मोकळी होत नाही, फार आशा लावू नका. मी ते कुणाला सांगितलं नाही आणि आशा तर सगळ्यांनी लावलीच. अक्कानं शेरडाचं दूध चालू केलं. दीर रोज संध्याकाळी मला सहज विचारल्यासारखं विचारायचे, "पंप मारतो का त्यो टायमाला?"

मैदानी चाचणीला बीडला दीर त्याच्यासोबत गेले. इतक्या भरत्या झाल्या, ते कधी गेले नव्हते. खवा पोचवायची पिकअप घेऊन दोघं बापलेक निघाले. घरी मी आणि अक्का. मी रजा काढली होती. दिवसभर आम्ही दोघींनी शेंगा फोडल्या, नको इतक्या फोडल्या.

दिवस कलला तशी पिकअप आली. दीर उतरून मागच्या ताडपत्रीच्या दोऱ्या सोडायला लागले, आमच्याकडं बघितलं नाही. तेवढ्यावरून कळलं. पोरगं अंगणात आलं, हौदावर पाय धुतले आणि ओसरीवर बसून म्हणालं, "न्हाई झालं. थोडक्यात गेलं."

अक्कानं तोंड फिरवलं. मी म्हणाले, असू दे, बाळा. पण त्याचा चेहरा पडलेला नव्हता. तो पोटऱ्या चोळत होता आणि त्यांच्याकडं नवलानं बघत होता.

"काकू, आज पाय थकले."

"थकणारच की."

"तसं न्हाई." तो हसला. "शेवटच्या फेरीला पाय उचलंना झाले. छाती चालू व्हती, पायच संपले. मला वाटलं, ह्ये काय झालं? बाकीची पोरं मनायची पाय गेले, पाय गेले, मला कळायचंच न्हाई. आज कळलं. आजपतूर माझे पाय थकायच्या आधीच माझं सारं संपायचं."

अक्का त्याच्या पायांकडं बघत राहिली. मग तिनं माझ्या हातातल्या फोनकडं बघितलं.

"हे मागचं दाखवतं का गं?"

"मागचं म्हणजे?"

"ह्यो ल्हान व्हता तवाचं. हवा कशी व्हती ते."

"नाही, अक्का. डबा बसवल्या दिवसापासूनचंच आहे यात. त्याआधीचं याला काही माहीत नाही."

"मंग मलाच सांगावं लागंल," अक्का म्हणाली. ती पोराजवळ सरकून बसली आणि त्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. "तू तान्हा व्हतास तवा तुझी झोळी भट्टीपशीच आसायची. गारठा लागू ने मनून. तितंच तू बसाया शिकलास, तितंच रांगलास. म्या दूध हलवायची आन् तू खोकायचास. म्या मनायची दात येत्यात. मंग मनायची थंडी हाय. मंग नजर लागली मनून मीठ-मिरच्या उतरवायची आन् त्या बी त्याच जाळात टाकायची. झोळी म्याच तितं बांधली, बाळा. मला वाटलं ऊब हाय."

"ऱ्हाऊ दे की आई," तो म्हणाला. तिचं डोकं त्यानं खांद्याशी धरलं होतं.

दीर ताडपत्रीची दोरी हातात घेऊन अंगणात उभे होते. कधीपासून ऐकत होते कोण जाणे. ते ओसरीशी आले, पोराच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि जमिनीकडं बघत म्हणाले,

"तिनं न्हाई. झोळी म्या बांधलती."